तक्त्यातल्या कोऱ्या रकान्याबद्दल

अर्थखात्यांत, नियोजन विभागांत आणि विकास बँकांत बसून प्रकल्पांचा लाभ-खर्च मांडणाऱ्या सर्वांस,

स.न.वि.वि.

हे पत्र मंत्र्यांना लिहिलेलं नाही. मंत्री फीत कापतात, भाषण करतात आणि निवडणुकीनंतर बदलतात. त्यांच्या टेबलावर फाइल पोहोचते तेव्हा तिच्या शेवटच्या पानावर एक आकडा असतो आणि निर्णय बहुतेक वेळा त्या आकड्यानेच घेऊन टाकलेला असतो. तो आकडा तुम्ही काढता. धरण असो, बंदर असो, महामार्ग असो की खाण, खर्च किती, लाभ किती आणि दोहोंचं गुणोत्तर एकाच्या वर जातं की नाही, हे तुमच्या तक्त्यात ठरतं. म्हणून पत्र तुम्हाला.

तुमच्या तक्त्यात सिमेंटला रकाना आहे, डिझेलला आहे, मजुरीला आहे. नव्या रस्त्यामुळे प्रवाशांची जी मिनिटं वाचणार, त्यांनाही आहे. पण ज्या दलदलीवर भराव पडणार, जे जंगल बुडणार, जी खाडी बुजणार, ती आजवर जे काम विनामोबदला करत आली त्याच्यासमोर ‘परिणाम मर्यादित’ किंवा ‘मोजणे शक्य नाही’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. शब्द सभ्य आहेत, पण बेरीज करणाऱ्या यंत्राला शब्द वाचता येत नाहीत. रकान्यात अंक नसला की ते तिथे शून्य धरतं. म्हणजे ‘आम्हाला माहीत नाही’ असं तुम्ही प्रामाणिकपणे लिहिता आणि शेवटच्या पानावर त्याचा अर्थ ‘काहीच किंमत नाही’ असा होऊन बसतो.

वाचलेलं मिनिट कोणत्या बाजारात विकत मिळतं? कुठल्याच नाही. तरी त्याची किंमत काढायला तुम्ही शिकलात, कारण ती काढल्याशिवाय रस्ता मंजूर होत नव्हता. तेव्हा बाजारभाव नाही म्हणून मोजता येत नाही, ही सबब निदान तुमच्या तोंडी शोभत नाही.

दक्षिण थायलंडच्या किनाऱ्याचं उदाहरण घेतो, कारण तिथे दोन्ही बाजूंचे आकडे नीट मांडलेले आहेत. तिथलं खारफुटीचं जंगल तोडून कोळंबीची तळी खोदली गेली. अर्थतज्ज्ञ एडवर्ड बार्बियर यांनी या व्यवहाराचा अनेक वर्षं अभ्यास केला. हिशोब हेक्टरी, डॉलरमध्ये, वटावाचा दर (पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढताना दरवर्षी धरायची घट) १० टक्के. तळ्याच्या मालकाला मिळणारा नफा सुमारे ९,६३२. त्याच जमिनीवरच्या खारफुटीतून मिळणारं लाकूडफाटा वगैरे उत्पन्न सुमारे ५८४. एवढे दोनच आकडे समोर असतील तर कुठलाही शहाणा माणूस कुऱ्हाड उचलेल, आणि लोकांनी ती उचललीच.

आता उरलेले रकाने भरू. तळ्याच्या नफ्यातले सुमारे ८,४१२ डॉलर सरकारी अनुदानाचे होते. म्हणजे करदात्याच्या एका खिशातून काढून दुसऱ्याच्या खिशात घातलेले. खरी कमाई उरली १,२२० च्या आसपास. दुसरीकडे खारफुटीच्या मुळांमध्ये माशांची पिल्लं वाढतात आणि पुढे खुल्या समुद्रात पकडली जातात, त्याचे ९८७. आणि वादळात लाटांचा जोर ती झाडं मोडतात, त्याचे १०,८२१. बेरीज १२,३९२. याउपर काही वर्षांत रोग आणि सांडपाणी यांमुळे तळी सोडून द्यावी लागतात आणि मागे खारट, आम्लधर्मी, निरुपयोगी जमीन उरते. तिच्यावर पुन्हा खारफुटी उभी करायची तर हेक्टरी ९,३१८ डॉलर. १,२२० कमवायला ९,३१८ चा खड्डा.

यात गुंतागुंतीचं गणित कुठेच नाही. सगळा फरक पडला तो कोणते रकाने भरले आणि कोणते रिकामे सोडले यामुळे. शिवाय नफा एका माणसाच्या खात्यात गेला. वादळाचं संरक्षण गेलं ते किनाऱ्यावरच्या शेकडो घरांचं. त्यांच्यापैकी कोणीच त्या सौद्याला हजर नव्हतं.

उलट बाजूचं उदाहरण न्यूयॉर्कचं, आणि ते इतकं उगाळलं गेलंय की पुन्हा सांगायला संकोच वाटतो. तरी त्यातली एक गोष्ट सहसा सुटते, म्हणून सांगतो. या शहराचं बहुतेक पाणी उत्तरेकडच्या कॅट्सकिल आणि डेलावेअर पाणलोट क्षेत्रांतून येतं, आणि ते गाळणी प्रकल्पातून न जाता नळाला येतं. डोंगरातली माती, झाडं आणि ओढे ते काम करतात. १९८९ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने नियम केला की नद्या-तलावांचं पाणी पुरवणाऱ्यांनी एकतर गाळणी बसवावी, नाहीतर पाणलोट सुरक्षित असल्याचं सिद्ध करावं. गाळणी उभारायचा अंदाज ६ ते ८ अब्ज डॉलर, शिवाय दरवर्षी चालवण्याचा खर्च वेगळा. पाणलोट राखायचा अंदाज सुमारे दीड अब्ज. १९९७ मध्ये शहर, राज्य आणि डोंगरातली गावं यांच्यात करार झाला. जमिनी घेतल्या गेल्या, गोठ्यांचं सांडपाणी ओढ्यात जाऊ नये म्हणून शेतकऱ्यांना पैसे दिले गेले, घरांच्या शोषखड्ड्यांची दुरुस्ती झाली.

सुटणारी गोष्ट ही: त्या डोंगरांचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालू होतं, पण त्याची किंमत कोणी विचारली नव्हती. नियम आला, बिल समोर दिसलं, तेव्हा विचारली. मूल्य शोधायला नवं विज्ञान लागलं नाही. प्रश्न विचारणं सक्तीचं झालं एवढंच. (आणि तो करार गोडीगुलाबीत झाला असंही नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून शहराने धरणांसाठी याच डोंगरातली गावं बुडवली होती, त्याचा राग शिल्लक होता. म्हणून यावेळी जमीन फक्त राजीखुशीने विकणाऱ्याकडूनच घ्यायची, ही अट घालावी लागली.)

नियम नव्हता, बिल दिसत नव्हतं आणि तक्ताही नव्हता, अशा ठिकाणी काय झालं ते गिधाडांनी दाखवलं. डायक्लोफेनॅक हे गुरांचं दुखणं कमी करणारं स्वस्त औषध १९९० च्या दशकात भारतीय उपखंडात सर्रास वापरात आलं. मेलेल्या जनावराच्या मांसात त्याचा अंश राहिला की ते खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात. कारण कळेपर्यंत २००४ उजाडलं. २००६ मध्ये भारत, नेपाळ आणि पाकिस्तानने गुरांसाठी त्यावर बंदी घातली. तोवर भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त संपली होती. मढी उघड्यावर कुजू लागली, पाण्यात गेली, भटकी कुत्री वाढली, त्यांच्यामागून रेबीज. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २००० ते २००५ या काळात भारतात यामुळे सुमारे ५ लाख जादा मृत्यू झाले, असा अंदाज काढला आहे. वर्षाला सुमारे ६९ अब्ज डॉलरचं नुकसान.

१९९० मध्ये एखाद्या अधिकाऱ्याने गिधाडाची किंमत मांडायला घेतली असती तर लोक हसले असते. घाणीत चोच घालणारा, दिसायला ओंगळ पक्षी. पर्यटकही त्याच्यासाठी तिकीट काढत नाहीत. आणि गिधाडांना न मारणारं मेलोक्सिकॅम नावाचं दुसरं औषध आहे, हेही पुढे कळलं. आपली पद्धत मात्र बैल गेला आणि झोपा केला अशीच राहिली. ५ लाखांचा आकडा अंदाजाचा आहे, आणि तोही येईपर्यंत वीस वर्षं उलटली.

तुमचा आक्षेप मला माहीत आहे: निसर्गाचे आकडे भरवशाचे नसतात. खरं आहे. १९९७ मध्ये रॉबर्ट कोस्टान्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साऱ्या पृथ्वीच्या परिसंस्थांच्या सेवांची किंमत काढली: वर्षाला सरासरी ३३ ट्रिलियन डॉलर, म्हणजे ३३ लाख कोटी. जगाच्या तेव्हाच्या एकूण राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळजवळ दुप्पट. अंदाजाचा पल्ला १६ पासून ५४ पर्यंत. त्यावर अर्थतज्ज्ञ मायकेल टोमन यांचा टोला प्रसिद्ध आहे: हा अनंताचा फारच कमी धरलेला अंदाज आहे. टोला बरोबर आहे असं मला वाटतं. सगळी हवा, सगळं पाणी, सगळी माती गेली तर किती नुकसान, या प्रश्नाला उत्तर नसतं, कारण उत्तर ऐकायला कोणी उरणार नाही. पण तुमच्या टेबलावर पृथ्वी विक्रीला आलेली नाही. तुमच्यासमोर अमुक खाडीचे ४०० हेक्टर असतात. त्यांचं काय होईल, पूर कुठवर चढेल, मासळी किती घटेल, विहिरी किती खाली जातील, हे अंदाजाने सांगता येतं. चूक होईल, पण सांगता येतं.

राहिला अचूकतेचा प्रश्न. जे रकाने तुम्ही निर्धास्तपणे भरता ते कितपत बरोबर निघतात? बेंट फ्लिव्हबर्ग आणि सहकाऱ्यांनी १४ देशांतल्या २१० वाहतूक प्रकल्पांचे अंदाज २००५ मध्ये प्रत्यक्षाशी ताडून पाहिले. रेल्वेच्या दहापैकी नऊ प्रकल्पांत प्रवाशांचे आकडे फुगवलेले निघाले, आणि सरासरी फुगवटा १०६ टक्के. येणार म्हणून सांगितलेल्या प्रवाशांपैकी निम्मेसुद्धा आले नाहीत. या चुकीपायी कोणी प्रवाशांचा रकाना कोरा ठेवायला सुरुवात केल्याचं ऐकिवात नाही. अंदाज दोन्हीकडे चुकतात. फायद्याकडचा चुकला तरी लिहिला जातो, तोट्याकडचा चुकेल म्हणून लिहिलाच जात नाही. हा तोल तुम्ही मुद्दाम बिघडवता असा माझा आरोप नाही. पण बिघडलेला आहे, आणि तो दरवेळी एकाच बाजूला झुकतो.

रकाना भरला तरी पुढे त्याला वटावाचा दर गाठतो. त्याचं गणित तुम्हाला सांगायला नको, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून मांडतो. पन्नास वर्षांनी मिळणाऱ्या १०० च्या लाभाची आजची किंमत, दर १० टक्के धरला तर १ सुद्धा भरत नाही, ०.८५ येते. दर ४ टक्के धरला तर १४. दर २ टक्के धरला तर ३७. जंगल तेच, पाऊस तोच, पन्नास वर्षांनंतरची माणसंही तीच. केवळ वरच्या कोपऱ्यात कुठला अंक टाकला त्यावर त्यांचं पाणी चाळीसपटीने कमीजास्त होतं. यंत्र झिजतं, कालबाह्य होतं, म्हणून त्याच्या दूरच्या लाभाला कमी लेखणं समजू शकतो. पाणथळ जागा झिजत नाही. नीट राहिली तर पन्नासाव्या वर्षीही ती तेवढंच पाणी गाळते, आणि आजूबाजूला माणसं वाढली, पाणी आटलं तर तिची गरज आणखी वाढलेली असते. जी गोष्ट दुर्मीळ होत चाललीय तिला दरवर्षी स्वस्त होणारी धरायची, हे मला अर्थशास्त्राच्याच नियमांत बसताना दिसत नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं तो. तुमचा तक्ता असं गृहीत धरतो की थोडं बिघडवलं तर थोडं नुकसान होतं, आणि पैसे टाकले की ते भरून येतं. परिसंस्था तशा वागत नाहीत.

उथळ तळ्याचं पाहा. पाणी नितळ असतं, तळाशी वनस्पती असतात, त्या गाळ धरून ठेवतात. शेतातलं खत आणि गावाचं सांडपाणी येऊ लागतं. वर्षानुवर्षं काही होत नाही. तपासणी अहवाल येत राहतात, ‘लक्षणीय बदल नाही’. मग एखाद्या उन्हाळ्यात पाणी हिरवं, गढूळ होतं. उजेड तळाशी पोहोचत नाही, तिथल्या वनस्पती मरतात, सुटा झालेला गाळ पाणी आणखी गढूळ करतो. मार्टन शेफर या डच शास्त्रज्ञाने यावर आयुष्य घातलं. त्यांच्या कामातून निघणारी अडचणीची बाब अशी, की खताचं प्रमाण जिथे असताना तळं बिघडलं, तिथवर ते खाली आणून तळं सुधारत नाही. त्याच्या कितीतरी खाली न्यावं लागतं, आणि तरी गाळात साठलेलं फॉस्फरस वर्षानुवर्षं वर येत राहतं. बिघडण्याची वाट आणि सुधारण्याची वाट वेगळ्या आहेत. तुमच्या तक्त्यात ती एकच धरलेली असते, फक्त उलट दिशेची.

न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाचंही तसंच झालं. शतकानुशतकं तिथल्या समुद्राने युरोप पोसला. विसाव्या शतकात प्रचंड ट्रॉलर आले. मासे कमी झाले तरी आधुनिक जहाजं उरलेले थवे बरोबर शोधून काढत, त्यामुळे त्यांच्या जाळ्यात मासळी बरी दिसत राही आणि आकडेवारी धीर देत राही. जुलै १९९२ मध्ये कॅनडाला मासेमारी बंद करावी लागली. ३० हजारांच्या आसपास लोकांची रोजी एका घोषणेत गेली. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली बंदी उठायला २०२४ उजाडलं, आणि तेव्हाही परवानगी मिळाली ती थोड्याशा मासळीची.

दुरुस्तीचा खर्च बघायचा तर फ्लोरिडातली किसिमी नदी आहे. सुमारे १६६ किलोमीटर वळणं घेत जाणाऱ्या या नदीचा पूरनियंत्रणासाठी सुमारे ९० किलोमीटरचा सरळ कालवा केला गेला. काम १९६२ ते १९७१ चाललं, आणि अभियांत्रिकीच्या दृष्टीने ते चोख होतं. काठच्या पाणथळ जागा सुकल्या, हिवाळी पाणपक्षी नव्वद टक्क्यांहून जास्त घटले, आणि खालच्या ओकीचोबी सरोवरात न गाळलेलं पाणी जाऊ लागलं. मग कालवा बुजवून नदी पुन्हा वाकडी करायचं काम १९९९ मध्ये सुरू झालं, ते २०२१ मध्ये संपलं. खोदायला नऊ वर्षं, बुजवायला बावीस, आणि तेही नदीचा एक भागच परत मिळाला. या बावीस वर्षांत सुमारे एक अब्ज डॉलर गेले. मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशोबात खोदण्याचा खर्चही अधिक बाजूला लागला आणि बुजवण्याचाही. नदी मोडली तेव्हा अर्थव्यवस्था वाढली, जोडली तेव्हाही वाढली. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची पद्धत घडवणारे सायमन कुझ्नेट्स यांनी १९३४ मध्येच अमेरिकी काँग्रेसला बजावलं होतं की या आकड्यावरून राष्ट्राचं कल्याण ताडू नका. नव्वद वर्षं आपण तेच करतोय.

आणि पुनरुज्जीवन झालं म्हणजे मूळचं परत आलं, असंही नाही. ‘इथली पाणथळ जागा घेतो, तिथे नवी करून देतो’ असं आश्वासन असलेल्या फाइली तुमच्याकडे रोज येत असतील. त्या मंजूर करण्याआधी २०१२ चा एक अभ्यास उघडून पाहावा. डेव्हिड मोरेनो-मातेओस आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या ६२१ पुनरुज्जीवित किंवा नव्याने बनवलेल्या पाणथळ जागा तपासल्या. शंभर वर्षांनंतरसुद्धा त्यांची जैविक रचना मूळ जागांपेक्षा सरासरी २६ टक्के आणि मातीत कार्बन साठवण्यासारखी कामं २३ टक्के कमी भरली. पीटभूमीत तर वाटाघाटीला जागाच नाही. तिथे कुजलेल्या वनस्पतींचा थर वर्षाला सुमारे एक मिलिमीटर चढतो. एक मीटर खणला म्हणजे हजार वर्षं खणली. एवढ्या मुदतीची हमी कोणता कंत्राटदार देणार?

बरं, काही मूल्य असं असतं की ते आज कोणालाच ठाऊक नसतं. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान १८७२ मध्ये राखलं गेलं ते गरम पाण्याचे फवारे आणि डोंगरदऱ्यांच्या देखाव्यासाठी. तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यात १९६६ मध्ये थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांना थर्मस अॅक्वाटिकस हा जिवाणू सापडला. त्याचं उष्णतेला न डगमगणारं एन्झाइम पुढे पीसीआर चाचणीचा कणा झालं. साथीच्या काळात जगभर नाकात कांडी घालून जी तपासणी झाली, तिची मुळं त्या झऱ्यात आहेत. १८७२ मधला कुठला अधिकारी हा लाभ मांडू शकला असता? दुसरीकडे ऑस्ट्रेलियात पोटात पिल्लं वाढवणारा बेडूक १९७० च्या दशकात शास्त्रज्ञांच्या नजरेस आला. मादी फलित अंडी गिळायची, जठरातलं आम्ल बंद व्हायचं आणि पिल्लं तोंडातून बाहेर यायची. आम्ल कसं बंद होतं हे कळलं तर माणसाच्या जठराच्या विकारांवर काही हाती लागेल, म्हणून संशोधन सुरू झालं. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत या बेडकाच्या दोन्ही जाती नाहीशा झाल्या आणि संशोधन तिथेच थांबलं.

माझ्या ओळखीतले निसर्गप्रेमी हे पत्र वाचून नाराज होतील. निसर्गाला भाव लावायचाच कशाला, ते म्हणतील; एकदा भाव लागला की गिऱ्हाईक आलंच. त्यांचं भय खोटं नाही. किंमत काढली की ‘एवढे पैसे भरतो, तोडू द्या’ म्हणणारा उभा राहतोच. जिथे लोक एखाद्या नदीला पूर्वज मानतात तिथे तिचं क्यूबिक मीटरमागे मोल सांगणं उद्धटपणाचं आहे; न्यूझीलंडने २०१७ मध्ये वांगानुई नदीला कायदेशीर व्यक्ती म्हणून मान्यता दिली ती कुठल्याही तक्त्याविना. पण अमूल्य म्हणून देव्हाऱ्यात ठेवलेल्या गोष्टी तुमच्या तक्त्यात शून्य होऊन येतात, हे मी वर सांगितलंच. लढाई हिशोबाच्या पानावर चालू असेल तर तिथे गैरहजर राहून ती जिंकता येत नाही.

शिवाय या शून्याचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. पवन सुखदेव यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या टीईईबी (परिसंस्था आणि जैवविविधतेचं अर्थशास्त्र) या अभ्यासाने ‘गरिबांचा जीडीपी’ काढून पाहिला. काही मोठ्या विकसनशील देशांत जंगलात आणि खेड्यात राहणाऱ्या गरीब कुटुंबांच्या एकूण मिळकतीत निसर्गातून फुकट मिळणाऱ्या गोष्टींचा वाटा ४७ ते ८९ टक्के निघाला. जळण, चारा, मासळी, पिण्याचं पाणी, औषधी. देशाच्या एकूण उत्पन्नात हाच वाटा इतका लहान दिसतो की सरासरीत तो विरून जातो. तुमच्या तक्त्यात शेवटी एकच बेरीज असते. त्यात एकाचे दहा गेले आणि दुसऱ्याला बारा मिळाले तर दोनचा फायदा दिसतो. ज्याचे दहा गेले त्याच्याकडे तेवढेच होते, हे दिसायला रकाना नाही.

तर मागणी काय? मंजुरी थांबवा असं माझं म्हणणं नाही. रस्ते, पाणी, वीज सगळ्यांनाच लागते, मलाही. पण एकही रकाना कोरा सोडून फाइल पुढे जाऊ नये. अचूक आकडा नसेल तर पल्ला लिहा, किमान इतका ते कमाल इतका, आणि कमाल धरल्यावर प्रकल्प तोट्यात जात असेल तर तसं पहिल्या पानावर लिहा. लाभातून अनुदान वजा करून दाखवा. जे गेल्यावर माणसाच्या हयातीत परत येणार नाही, ते वटावाच्या दरात घालूच नका. त्याचं वेगळं पान करा, आणि ‘याला पर्याय नाही’ हे सिद्ध करायची जबाबदारी मोडणाऱ्यावर टाका. आजवर ती नेहमी वाचवणाऱ्यावर राहिली. हे करायला साधनं नाहीत असं आता म्हणता येत नाही: संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने मार्च २०२१ मध्ये परिसंस्थांच्या जमाखर्चाची पद्धत स्वीकारली आहे. त्याच्या महिनाभर आधी ब्रिटनच्या अर्थखात्याने करवून घेतलेला पार्थ दासगुप्ता यांचा अहवाल आला. १९९२ ते २०१४ या काळात जगात दरडोई उत्पादित भांडवल दुप्पट झालं आणि दरडोई नैसर्गिक भांडवल सुमारे ४० टक्क्यांनी घटलं, असं त्यात म्हटलं आहे. तो अहवाल पर्यावरण खात्याने नव्हे, तुमच्याच खात्याने मागवलेला होता.

मूळ स्थिती कोणत्या वर्षाची धरायची, हेही तेवढंच महत्त्वाचं. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये दाखवून दिलं की प्रत्येक पिढीचे शास्त्रज्ञ आपल्या कारकिर्दीच्या सुरुवातीला जे दिसलं तेच मूळ समजतात, आणि घसरण तिथून मोजू लागतात. प्रकल्प अहवालात तर गेल्याच वर्षीच्या पाहणीला मूळ स्थिती म्हणतात. आधीच निम्मं ओरबाडलेलं जंगल ‘विरळ, कमी दर्जाचं’ म्हणून स्वस्तात जातं, आणि ओरबाडणाऱ्याला आपोआप बक्षीस मिळतं. जुने नकाशे, उपग्रहाची चित्रं, म्हाताऱ्या मच्छीमारांच्या आठवणी हे सगळं उपलब्ध असतं, मागवावं लागतं.

शेवटची विनंती सगळ्यांत स्वस्त आहे आणि तिला कोणाची परवानगी लागू नये. आपल्या कार्यालयाने वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मंजूर केलेल्या मोठ्या प्रकल्पांपैकी थोडे चिठ्ठी टाकून निवडा. त्यांचे मूळ तक्ते बाहेर काढा. जिथे ‘परिणाम मर्यादित’ लिहिलं होतं तिथे आज जाऊन पाहा, त्या खाडीवर, त्या नदीवर जगणाऱ्यांना विचारा, आणि तेव्हा कोरा राहिलेला रकाना आजच्या माहितीने भरा. मग गुणोत्तर पुन्हा काढा, आणि जुनं व नवं, दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापून लोकांसमोर ठेवा. किती प्रकल्प एकाच्या वर टिकतात ते बघू. टिकले तर मला तसं कळवा. मी हे पत्र ज्या ठिकाणी लिहितोय तिथेच तेही लिहीन.

आपला,
एक करदाता